जिन्यावरचे चार अनुस्वार

डाग चार होते, चारही गोल होते आणि तांबूस होते. पांढऱ्या संगमरवरावर ते इतके नेमके उमटले होते की पहिल्यांदा दिसले तेव्हा अनुस्वारकाकांना चक्क आवडले. छापखान्यात उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेल्या माणसाला पांढऱ्यावर ठिपका दिसला, की तो योग्य जागी आहे की नाही एवढंच आधी सुचतं. हे चार ठिपके दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर होते आणि त्यांच्याखाली एकही अक्षर नव्हतं. म्हणजे उघडच चुकीच्या जागी होते.

हे मत इमारतीच्या सेक्रेटरींचंही होतं. फक्त त्यांना ते मोठ्याने मांडायचं होतं.

“हे काय आहे?” सेक्रेटरींनी विचारलं.

“गंज,” काका म्हणाले.

“ते मलाही दिसतंय. कुणाचा गंज?”

काका विचारात पडले. गंजाला मालक असतो हे त्यांना नवीन होतं. “लोखंडाचा,” ते म्हणाले.

“आणि लोखंड कुणाचं?”

इथे मात्र पळवाट नव्हती. वळणावर उभी असलेली लोखंडी खुर्ची काकांचीच होती. इमारतीला लिफ्ट नव्हती, काकू तिसऱ्या मजल्यावर राहत आणि काकूंचे गुडघे काकूंच्या आधीच निवृत्त झाले होते. मध्यंतरी बरेच महिने त्या खाली उतरल्याच नव्हत्या. खिडकी हेच त्यांचं अंगण झालं होतं. मग काकांनी माळ्यावरची जुनी खुर्ची आणून वळणावर मांडली. येता-जाता तिच्यावर टेकायचं, गुडघ्यांची समजूत घालायची आणि पुढे निघायचं. त्या दिवसापासून काकू रोज संध्याकाळी फाटकाजवळच्या कट्ट्यावर हजर. तिथल्या बायकांत कुणाचं चुकलं आणि कुणाचं बरोबर, याचा निकाल काकूच देत. तो दुसऱ्या कुणी दिलेला चालत नसे.

पण जिना धुतला जाई तेव्हा खुर्ची पाण्यात उभी राही. लोखंडाने आपला धर्म पाळला होता.

“हा जिना,” सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांचा आवाज कातर झाला. “हा जिना व्हावा म्हणून माझ्या आधीच्या दोन सेक्रेटरींनी राजीनामे दिले. मी करून दाखवला. रविवारी सभा आहे. सभेनंतर शेजारच्या इमारतीचं मंडळ हा जिना बघायला येणार आहे. त्यांना मी काय दाखवू? पुरळ?”

“डाग काढतो मी.”

“निघाले, तर खुर्ची राहील. नाही निघाले, तर ‘सामाइक जागेत खासगी वस्तू’ या कलमाखाली जाईल. आणि गेलेली वस्तू परत येत नाही.” दोन पायऱ्या उतरून ते पुन्हा वर आले. “आणि ते बाजारातलं रसायन-बिसायन चालणार नाही. संगमरवर नाजूक असतो. जे करायचं ते घरगुती आणि नैसर्गिक.”

हे वाक्य सेक्रेटरींचंच होतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे त्यांनी ते ठेवलं नाही.

सेक्रेटरी आणि काका यांच्यात पूर्वीपासून थोडं तणावाचं होतं. सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावावी आणि काकांनी ती लाल पेन्सिलने तपासावी, असा परिपाठ होता. ‘काका’च्या आधी ‘अनुस्वार’ लागला तो तिथूनच.

वर आल्यावर काकांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू चष्मा पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या.

“गेली तर गेली खुर्ची,” त्या म्हणाल्या. “मला काय, खिडकी आहेच.”

त्या हे इतकं सहज म्हणाल्या की काकांनी लगेच बादली शोधायला घेतली. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता, डाग काढण्याबाबत सल्ला नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. काका बादली घेऊन वळणावर बसले मात्र, दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले हजर. अपघाताचा विमा विकणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे कुठेही काही बिघडलं की ते तत्परतेने येत.

“बटाटा,” ते म्हणाले.

“काय?”

“कच्चा बटाटा उभा चिरा, मीठ लावा, घासा. माझ्या सासऱ्यांनी अख्खी सायकल अशी लख्ख केली होती.”

“मग सायकल कुठे आहे?”

“चोरीला गेली. लख्ख होती ना!”

पुराव्याअभावी हा दावा तपासता येत नव्हता, पण बटाटा घरात होता. काका मांडी घालून घासू लागले. येणारे-जाणारे थबकत. कुणी म्हणे, “काका, किसणी देऊ का?” कुणी म्हणे, “सालं ठेवा हं, आमच्या झाडांना चालतील.” काका मान वर न करता घासत होते. छापखान्यात लेखकसुद्धा ज्यांच्या खुर्चीपाशी अदबीने उभे राहत, ते आज जिन्यावर बटाट्याला मीठ लावून बसले होते. माणसाचे दिवस फिरतात ते असे.

डाग हलले नाहीत. बटाटा मात्र पातळ होऊन पायऱ्यांवर पसरला. काम कसं चाललंय ते बघायला विमावाले लगबगीने वर आले आणि तेवढ्याच लगबगीने, पण बसून, खाली गेले. सगळेच हादरले.

“लागलं का हो?” काकांनी वरून विचारलं.

“लागलं!”

“पण तुमचा विमा असेल ना?”

खाली विमावाले कंबर चोळत होते. “मी विकतो,” ते म्हणाले. “घेत नाही.”

दुसरा सल्ला पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचा. कपड्यांवरचे डाग हा त्यांच्या हाताखालचा विषय, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

“लिंबू पिळायचं, मीठ भुरभुरायचं आणि कडक उन्हात ठेवायचं.”

“जिना?” काकांनी विचारलं.

“अगं बाई, हो की! मी आपली पोलक्याच्या हिशेबाने बोलले.” पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “जिना उन्हात नेता येत नसेल, तर ऊन जिन्यात आणा.”

हे वाक्य ऐकायला इतकं सुरेख होतं की काका त्याला बळी पडले. शुद्ध वाक्याला ते नेहमीच बळी पडत. त्यांनी डागांवर लिंबू-मीठ लावलं, कपाटाचा आरसा काढला आणि तो घेऊन अंगणात उभे राहिले. आरशावर ऊन घ्यायचं आणि ते खिडकीतून वळणावर सोडायचं, अशी योजना. वर काकू खुर्चीत बसून दिशा देत होत्या.

“डावीकडे! अहो, डावीकडे!”

“तुझ्या की माझ्या?”

“माझ्या! म्हणजे तुमच्या उजवीकडे! आता खाली! खाली म्हणजे वर!”

उन्हाचा कवडसा भिंतीवरून पळाला, विमावाल्यांच्या न्हाणीघरात डोकावून आला (तिथून एक किंकाळी आली), आणि अखेर स्थिरावला तो फाटकातून स्कूटर आत घेणाऱ्या सेक्रेटरींच्या डोळ्यांवर. स्कूटर सरळ येत होती, ती तिरकी झाली आणि कचऱ्याच्या पिंपाला भेटली. सेक्रेटरी उठले तेव्हा त्यांच्या खांद्यावर फ्लॉवरचा दांडा होता.

“मुद्दाम केलंत!” ते म्हणाले.

“मुद्दाम एवढा नेम मला धरता आला असता,” काका प्रामाणिकपणे म्हणाले, “तर डाग कालच निघाले असते.”

या उत्तराने तणाव निवळला नाही.

डाग थोडे फिकटले होते, पण होते. तेव्हा काकूंनी शेवटचं अस्त्र काढलं. त्यांनी फोन लावून काकांच्या हातात दिला. पलीकडे अक्का होत्या, काकूंची थोरली बहीण. अक्कांना कानाने जरा कमी ऐकू येत असे. त्याची भरपाई त्या तोंडाने करत.

“व्हिनेगर घ्या,” अक्का म्हणाल्या. “कापसाचे बोळे भिजवा, डागांवर ठेवा. मग सोडा.”

“सोडा,” काकांनी डोक्यात नोंद केली.

“रात्रभर सोडा.”

“रात्रभर? म्हणजे बराच लागेल!”

“भरपूर! त्यात हात आखडू नका. लोक घाई करतात नि मग म्हणतात, डाग गेला नाही.”

“अक्का, पण खायचा की धुण्याचा?”

“आं?”

“खायचा, का धुण्याचा?”

“अहो, खा की! मी कशाला नको म्हणू? जेवायची वेळ झालीच आहे. आधी खा, मग धुणं-बिणं बघा.”

काकांनी फोन ठेवला आणि वाण्याकडे जाऊन खायच्या सोड्याचे मोठाले पुडे आणले. रात्रभराला किती सोडा लागतो याचं कोष्टक वाण्याकडेही नव्हतं, म्हणून त्याच्याकडे होता नव्हता तेवढा आणला.

काकूंनीही त्यात भर घातली. “डाग काढाल हो, पण खुर्चीचे पाय गंजकेच राहिले तर उद्या पुन्हा पडतील. पायपण भिजवा.” बोलणं रास्त होतं. काकांनी खुर्ची वळणाच्या कोपऱ्यात नेली, चार पायांखाली चार खोलगट वाडगे ठेवले आणि त्यांत व्हिनेगर ओतलं. खुर्ची पाय शेकत बसलेल्या म्हातारीसारखी दिसू लागली. मग त्यांनी डागांवरही सढळ हाताने व्हिनेगर ओतलं. वास असा सुटला की चौथ्या मजल्यावर कुणीतरी विचारलं, “लोणचं बिघडलं का कुणाचं?”

आणि मग, दिवेलागणीला, लोक कामावरून परतत असताना, अनुस्वारकाकांनी रात्रभराचा सोडा एकदम टाकला.

आधी नुसतं फिस्स झालं. काका कौतुकाने खाली वाकले. तेवढ्यात फेस उठला आणि त्यांच्या नाकापर्यंत आला. वाडग्यांतून आला, डागांवरून आला, जिथे काही नव्हतं तिथूनही आला. काका मागे सरले. फेस पुढे सरला. तो पायरीच्या कडेशी क्षणभर थांबला, जणू खाली जावं की न जावं याचा विचार करत होता, आणि मग गेला. एक पायरी, दुसरी पायरी. विमावाल्यांचं पायपुसणं उचललं आणि बरोबर घेतलं. शिवणवाल्या बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर येत होत्या. त्यांनी समोर पाहिलं आणि पिशव्या टाकून दिल्या.

“अहो, धावा!” त्या ओरडल्या. “जिना उतू जातोय!”

सेक्रेटरी खालून आले. त्यांनी आपला जिना पाहिला. आयुष्यात काही प्रसंग असे येतात की माणूस नुसता कठड्याला धरून उभा राहतो. फेस त्यांच्या बुटांवरून अदबीने पुढे निघून गेला.

काकूंनी तिथल्या तिथे अक्कांना फोन लावला.

“सोडा?” अक्कांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. “कसला सोडा? मी म्हटलं, सोडा! म्हणजे तसंच राहू द्या! रात्रभर हात लावू नका! घातलान काय त्या माणसाने?”

काका पायरीवर बसले. जन्मभर दुसऱ्यांची विरामचिन्हं सांभाळली आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा फोनवर क्रियापदाचं नाम झालं. छापलेलं असतं तर कळलं असतं. निदान खूण करून समासात प्रश्नचिन्ह तरी काढता आलं असतं. त्यांनी मुकाट्याने जिना पुसला, खुर्चीखालच्या वाडग्यांत ताजं व्हिनेगर भरलं, आणि या खेपेला अक्कांच्या शब्दाचा बरोबर अर्थ लावून ते तसंच सोडलं.

सकाळी काका वळणावर आले आणि हर्षाने ओरडले. गंज नव्हता! तांबूस रंगाचा मागमूस नव्हता! मग त्यांनी चष्मा लावला.

चार डागांच्या जागी चार पांढरे ठिपके होते. खडूने काढल्यासारखे पांढरे, भुरभुरीत, निस्तेज. आंबट संगमरवराला खातं, हे लिंबाला आणि व्हिनेगरला ठाऊक होतं. नैसर्गिक वस्तूंचा आग्रह धरणाऱ्या सेक्रेटरींना नव्हतं. डाग गेले होते आणि त्यांची भुतं मागे राहिली होती.

सेक्रेटरींचे डोळे ठिपक्यांहून पांढरे झाले. “हे काय?”

“डाग निघाले,” काका म्हणाले.

“मग हे काय आहे?”

“पांढऱ्यावरचं पांढरं. त्याला डाग म्हणता येत नाही. डाग म्हणजे मूळ रंगाहून वेगळा—”

“वेगळाच दिसतोय!”

आणि खरंच दिसत होता. कारण त्या चार ठिपक्यांशेजारी बाकीचा जिना पिवळा दिसत होता. कालपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आज झाकून झाकत नव्हतं. येणारा-जाणारा ठिपक्यांकडे बघे, मग पायऱ्यांकडे बघे आणि म्हणे, “अरेच्चा, जिना पिवळा आहे की आपला!”

“तुम्ही माझ्या जिन्याला पिवळं ठरवलंत,” सेक्रेटरी घोगऱ्या आवाजात म्हणाले. “डाग काढा म्हटलं होतं. हे डाग तसेच आहेत. नुसता रंग बदललाय. उद्या सभा आहे.”

ते गेल्यावर विमावाले लंगडत आले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा सल्ला चमकत होता.

“काका, आपण उलट्या बाजूने जाऊ. डाग काढता येत नाही ना? मग पाडू या! बाकीच्या जिन्यासारखे पिवळट करून टाका, म्हणजे मिटलं.”

आणि त्या क्षणापासून इमारतीत ज्यांनी ज्यांनी डाग काढायचे उपाय सांगितले होते, ते सगळे डाग पाडायचे उपाय सांगू लागले. खरं तर या विषयात त्यांचा अनुभव दांडगा होता. चहाचं पाणी लावून झालं, ते वाहून गेलं. कॉफी लावली, ती चार मुंग्यांनी पसंत केली. कांद्याची सालं उकळून लावली, नुसता वास राहिला. रविवार उजाडला तरी ठिपके पांढरे ते पांढरेच.

“हळद,” विमावाले म्हणाले. “चिमूटभर. हळदीचा डाग गेल्याचं कुणी ऐकलंय का?”

हे बिनतोड होतं. काकांनी काडीला कापूस गुंडाळला, हळद पाण्यात कालवली आणि श्वास रोखून चारही ठिपके भरले. सुरेख पिवळे झाले. काका मागे सरून बघू लागले. आणि त्यांच्या देखत ठिपके नारिंगी झाले. काकांनी चष्मा पुसला. ठिपके लाल झाले. मग गडद लाल झाले.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. साबणाचं जे, तेच सोड्याचं. दगडात मुरलेला रात्रभराचा सोडा हळदीची वाटच बघत होता. पण काकांनी जन्मात कधी कपडे धुतले नव्हते.

शिवणवाल्या बाई नेमक्या तेव्हाच वर आल्या. त्यांनी लाल ठिपके पाहिले, काकांचे लाल हात पाहिले, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर एकवटला.

“रक्त!”

दारं धाडधाड उघडली. जिन्यावर दोन तट पडले. एक म्हणत होता, सेक्रेटरींनी काकांना काहीतरी केलं. दुसरा म्हणत होता, शक्यच नाही, काकांनीच सेक्रेटरींना केलं. तेवढ्यात सेक्रेटरी धडधाकट वर आले आणि दुसऱ्या तटाची थोडी निराशाच झाली.

“बस्स!” सेक्रेटरी म्हणाले. “डाग गेले नाहीत. खुर्ची जाणार. आत्ता. या क्षणी.” त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि उचलली.

खुर्ची वर आली. तिचा एक पाय वाडग्यातच उभा राहिला.

पाय एकटाच, ताठ, व्हिनेगरमध्ये उभा होता. मग हळूच कलला आणि टिंग करून पडला.

“गंज गेला,” विमावाले कुजबुजले, “आणि पायही गेला.”

त्या पायात लोखंड फारसं उरलंच नव्हतं. आजवर खुर्ची पेलली होती ती गंजानेच. काकांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या आत गेल्या, आणि दार लागल्याचा आवाज आला. हळू लावलेल्या दाराचा.

सभा खाली गाड्या लावायच्या जागेत भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. काका शेवटच्या रांगेत बसले होते. सूचनेच्या फळ्यावर ‘सर्व साधारण सभा’ असं तोडून लिहिलं होतं. लाल पेन्सिल खिशात होती. त्यांनी तिला हात लावला नाही. वर खिडकीत आता ती बसली असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. महिनोन् महिने बसेल. कट्ट्यावरच्या बायका मान वर करून हाका मारतील, आणि ती हात हलवेल.

“वळणावरच्या खुर्चीचा विषय,” सेक्रेटरी सांगत होते, “आपोआप निकाली निघालेला आहे. कारण खुर्चीच—”

ते थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सगळ्यांच्या माना वळल्या.

जिन्याच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या. एक हात भिंतीवर, पदर खोचलेला, चेहरा घामाने डबडबलेला.

“अगं!” काका ताडकन उठले. “तू कशी आलीस?”

“उतरून,” काकू म्हणाल्या.

“खुर्चीशिवाय?”

“उतरायला गुडघे लागत नाहीत. राग पुरतो.” त्या पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. “चढायला मात्र लागतात. तेव्हा मी वर कशी जायची, ते या सभेने ठरवावं. मी बसले आहे. मला घाई नाही.”

“वहिनी, विषयपत्रिकेत हे—” सेक्रेटरी चाचरले.

“नसेल, भाऊजी. जिना तुमचा आहे ना? मग त्याने माणसं वर नेली पाहिजेत. नुसतं पांढरं दिसायचं तर चुना पण दिसतो.”

इतकं लागट बोलणं या सभेत आजवर फक्त पाण्याच्या टाकीवरून झालं होतं. सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. शेजारच्या इमारतीचं मंडळ येण्यात होतं. सभा तहकूब झाल्याचं त्यांनी घाईघाईने जाहीर केलं आणि ते जिन्याकडे वळले. पण काकू आधी उठल्या होत्या. पुढे काकू, मागे प्लॅस्टिकची खुर्ची छातीशी धरलेले काका. जिना अरुंद. खुर्चीच्या पायांनी तो पुरता बंद झाला.

मग सबंध इमारत त्यांच्यामागे तुंबली.

काकू दोन पायऱ्या चढत आणि थांबत. रांग थांबे. वळणावर काका खुर्ची मांडत, काकू बसत. रांग उभी राही. जे हा जिना रोज धावत चढत, त्यांना आज प्रथमच कळलं की त्यात किती पायऱ्या आहेत. दुखऱ्या कमरेचे विमावाले मधोमध भिंतीला टेकले. शिवणवाल्या बाईंनी पायरीवरच बसकण मारली.

“वहिनी, जरा—” काकांच्या पाठीमागून सेक्रेटरी म्हणाले. त्यांनाही धाप लागली होती.

“गुडघे सांगतील तेव्हा उठते, भाऊजी.”

अशी ती वरात लाल ठिपक्यांच्या वळणावर पोचली. काकू बसल्या, दम घेतला आणि उठून चढायला लागल्या. काका खुर्ची उचलणार, एवढ्यात खालून आवाज आला.

“या, या, वर या. जिना हाच का?”

शेजारच्या इमारतीचं मंडळ आलं होतं. रांग कडेला सरून वाट देत होती. पावलं जवळ येत होती. सेक्रेटरींनी खाली पाहिलं, मग फरशीवर पाहिलं. चार लालभडक ठिपके त्यांच्याकडे बघत होते. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. असं वाटलं, सगळं त्या ठिपक्यांतच गेलं. त्यांनी काकांच्या हातातली खुर्ची हिसकावली आणि गुडघ्यांवर बसून तिचा एक एक पाय एकेका ठिपक्यावर बसवला. प्लॅस्टिकचे पाय चांगले रुंद होते. चौथा ठिपका झाकला गेला आणि ते उठून उभे राहिले, इतक्यात मंडळाच्या अध्यक्षबाई वर आल्या.

बाई अंगाने भरभक्कम होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी समोर खुर्ची पाहिली, तिच्यावर त्या बसल्या, आणि डोळे मिटून म्हणाल्या, “हुश्श.”



“जिना चांगलाच आहे,” बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. “जरा पिवळा आहे, पण चांगला आहे. पण ही खुर्ची! अहो, मी म्हणते, लाखात एक कल्पना. आमच्याकडे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुणाला सुचलं हे?”

काकांनी तोंड उघडलं. वरच्या पायरीवरून काकूंचा हात त्यांच्या खांद्यावर आला आणि त्याने खांदा चिमटीत धरला. काकांनी तोंड मिटलं.

“समितीला,” सेक्रेटरी म्हणाले.

“वा! आणि इथून हलवत तर नाही ना कुणी?”

“हलवायची सक्त मनाई आहे!” सेक्रेटरी जवळजवळ ओरडलेच. त्यांची नजर खुर्चीच्या पायांवरून हलत नव्हती. “कुणीही! कधीही! एक बोटभरसुद्धा नाही!”

काका थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनी मात्र कठड्यावर कोपर टेकलं, खाली वाकल्या आणि अगदी घरच्यासारखं विचारलं,

“आणि भाऊजी, पहिल्या मजल्यावरची अजून आली नाही वाटतं?”

“अय्या, तिथेही ठेवणार आहात?” अध्यक्षबाईंनी डोळे उघडले.

सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं.

“मागवली आहे,” ते म्हणाले.